दिवस मावळला की पाणी बंद

कुत्र्याचं पिल्लू रात्रभर घर न भिजवता, कोणाला न उठवता कसं झोपवायचं, हे मला उत्तम येतं. रेल्वे वसाहतीतल्या बायका पुढे कित्येक वर्षं मला त्याची युक्ती विचारायच्या आणि मी काहीतरी थातूरमातूर सांगून त्यांना वाटेला लावायची. त्यांना वाटायचं, ही बाई भाव खाते. पण ज्या उन्हाळ्यात मी एका पिल्लाला हे शिकवलं त्याच उन्हाळ्यात माझे सासरे गेले, आणि ते माझ्यामुळे गेले. लोकांना मी सांगितलं, उन्हाने गेले. भुसावळच्या उन्हावर काहीही ढकललं तरी खपतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी जळगावची, सातवी पास झालेली, लग्न होऊन भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले होते. आमचे हे मालगाडीवर गार्ड. कॉलमन सायकलवर येऊन हाक मारून गेला की हे पेटी उचलून निघायचे. कधी खंडव्याकडे, कधी मनमाडकडे. परत यायचे ते दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी, आणि आले की अंघोळ, जेवण, झोप. लग्न करून मी एका झोपलेल्या माणसाच्या घरी आलेय, असं मी माहेरी गेले की सांगायची. आई दटावायची.

माझ्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी ते एकटेच राहून शेती करायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. त्या वर्षी दिवाळीनंतर, ऐन कापूस वेचणीत, आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सुधारला, हात मात्र लुळाच राहिला. ह्यांनी शेत बटाईने दिलं आणि आबांना भुसावळला आणायचं ठरवलं. आबा तयार नव्हते. शेवटी गाडीत बसताना त्यांनी लेकाला बजावलं, "मी येस. पन ज्या दिनले कोनले जड व्हसू, त्या दिनले मी चालना जासू."

हे मला ह्यांनी हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. सासरे घरात राहायला येणार याचीच मला आधीपासून धास्ती होती. पण म्हातारा सुनेला जड झाला म्हणून गावी परत गेला, असं कोणी आपल्याबद्दल बोलता कामा नये, एवढं मी मनाशी पक्कं केलं. चांगलं वागायचं, म्हातारा घरात सुखाने राहिला पाहिजे. त्या वेळी मला ते फार सोपं वाटलं होतं.

अडचण अशी की आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. निदान त्या काळी तरी नाही. पदर कपाळापर्यंत ओढायचा, सासरे खाकरले की बाजूला व्हायचं, आणि काही सांगायचंच असेल तर नवऱ्यामार्फत. नवरा घरात नसेल तर एखाद्या लहान पोरामार्फत. आमच्या घरात पोर नव्हतं, आणि नवरा होता तो मालगाडीवर. मग स्वयंपाक झाला की मी आबांचं ताट जरा आवाज होईल अशा बेताने फरशीवर ठेवायची. त्यांना काही हवं असेल तर ते भिंतीकडे बघून पुटपुटायचे. "तंबाखू सरी गयी वाटतं," असं भिंतीला सांगायचे आणि मी शेजारच्या मुलाला दुकानात पिटाळायची. असे तीन महिने गेले. एका घरात दोन माणसं, आणि दोघांचा आवाज फक्त भिंतीला माहीत.

रात्रीचं तर फारच अवघड. संडास मागच्या अंगणाच्या टोकाला. मागच्या दाराला आतून जाड लाकडी अडसर, तो दोन हातांनी उचलल्याशिवाय निघत नसे, आणि आबांना हात एकच. घरात रात्रीपुरतं भांडं ठेवावं असं ह्यांनी एकदा सुचवलं, तर आबा दोन दिवस लेकाकडे पाठ फिरवून बसले. जिथे चूल आहे, देव आहेत, तिथे तसलं काही करणारा तो माणूस नव्हता. अडसर न लावता झोपावं, तर त्या वर्षी वसाहतीत चोऱ्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. उन्हाळ्यात बाहेर खाटा टाकणंसुद्धा लोकांनी सोडलं, आणि मी तर बहुतेक रात्री एकटी बाई. म्हणून आबा मधल्या दाराशी येऊन खाकरायचे. मी उठायची, पदर ओढायची, अडसर काढायची, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. ते परत येऊन पडले की पुन्हा अडसर. रात्रीतून दोनदा, कधी तीनदा. दर वेळी आबा इतके ओशाळायचे की ते पाय कसे टाकतात त्यावरूनसुद्धा कळायचं. संक्रांतीनंतर मला दिवस गेले आणि ती झोपमोड सहन होईना. दिवसा चुलीपुढे बसल्या बसल्या माझी मान कलंडायची.

होळीच्या सुमारास आमच्या शेजारचा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर नोकरी सोडून बायकामुलांसकट विलायतेला निघाला. त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. चोरांना धाक म्हणून ह्यांनी त्यातलं एक मागून घेतलं. दीड-दोन महिन्यांचं, तपकिरी, लोंबत्या कानांचं. मी कपाळाला हात लावला. एकाला रात्री बाहेर काढतेय तेवढं पुरे नव्हतं म्हणून हे दुसरं, असं मी ह्यांना स्पष्ट म्हणाले. पण ड्रायव्हरची बायको मोठी शिस्तीची होती. जायच्या आदल्या दिवशी येऊन तिने मला हिंदीतून सगळं समजावलं. दिवसभर पाणी हवं तेवढं द्यायचं, पण दिवस मावळला की भांडं उचलून ठेवायचं. निजायच्या आधी एकदा अंगणात न्यायचं. झोपायला अंगापुरती पेटी द्यायची, कारण कुत्रं आपलं अंथरूण घाण करत नाही. रात्री कुंईकुंई केलंच तर न बोलता, न लाड करता बाहेर न्यायचं आणि आणून पुन्हा पेटीत टाकायचं. आणि रोज तेच शब्द, त्याच आवाजात बोलायचे. "रोज बोलो, सेम बोलो," ती दोन-तीनदा म्हणाली. निघताना तिने पिल्लाला उचलून एकदा त्याचा वास घेतला. मला तिची तेवढीच आठवण आहे.

ह्यांची ड्युटीवर न्यायची एक जुनी लाईनपेटी होती, झाकण तुटलेली. तिच्यात गोणपाट घालून मी पिल्लाला माझ्या अंथरुणाशेजारी ठेवलं. पहिला आठवडा नुसता धिंगाणा. पिल्लू तीनदा, आबा दोनदा. एकदा तर पहाटे मी अडसर मांडीवर घेऊन दाराशीच बसून राहिले, आता कोणाची पाळी ते बघत. तेवढ्यात आबा आले. पिल्लू अंगणात इकडेतिकडे हुंगत होतं, त्याला जागा पसंत पडत नव्हती आणि मी मुकाट उभी होते, कारण बोलायची मनाई. आबा थोडा वेळ बघत राहिले. मग त्याला म्हणाले, "साहेब, तुनी जातमा कोनी ईचारीसन मुतस का रे?"

मला हसू आवरेना. पदराआड तोंड घालून मी हसले, आणि ते आबांना ऐकू गेलं. साहेबाच्या घरून आलं म्हणून ते पिल्लाला साहेब म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघून म्हणाले, "काय साहेब, आज दाळमा मीठ कमी शे, का मनी जीभ गयी?" पिल्लू पेटीत बसून कान खाजवत होतं. मी चुलीजवळून पिल्लालाच उत्तर दिलं, "मीठ बरोबर आहे म्हणावं. तंबाखू कमी केली की चव येते." आबा खुदकन हसले. असे हसणारे सासरे मी कोणाचे पाहिले नव्हते.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. सगळं पिल्लामार्फत. "भाकरी गरम आहे, लगेच खाऊन घ्यायची," मी पिल्लाला सांगायची आणि आबा ताटावर येऊन बसायचे. "साहेब, तिले सांग, बादली उचलू नको म्हना," आबा म्हणायचे आणि मी बादली तिथेच ठेवायची. गावाकडच्या बैलाच्या गोष्टी, सासूबाई कशा रुसायच्या, पांझरेला पूर आला तेव्हा काय झालं, हे सगळं आबांनी कुत्र्याला सांगितलं आणि मी भाजी निवडत ऐकलं. ह्यांना मात्र हे सांगूनही खरं वाटेना. बापाने लेकाशी आयुष्यात एवढं बोलणं केलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत मला सासर आवडायला लागलं, हे मी मोकळेपणाने कबूल करते.

आणि रोज संध्याकाळी, बाहेरचा उजेड गेला की, मी पिल्लाचं पाण्याचं भांडं उचलायची. ड्रायव्हरच्या बायकोने सांगितल्याप्रमाणे रोज तेच शब्द, त्याच आवाजात. "दिवस मावळला. पाणी बंद. आता रात्री मला उठवायचं नाही." आबा तीन हात अंतरावर खाटेवर बसलेले असायचे. कुत्रं शिकावं म्हणून मी ते जरा दरडावूनच म्हणायची. पहिल्या दिवशी आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. कुत्र्याला आता पाण्याचीही वेळ लावली म्हणून त्यांना गंमत वाटली असेल, असा मी अर्थ लावला.

रामनवमी उलटेपर्यंत पिल्लू शिकलं. आधी रात्रीतून एकदा उठायचं, मग तेही गेलं. निजायच्या आधी अंगणात एक फेरी झाली की ते पेटीत गोल होऊन पडायचं ते थेट उजाडेपर्यंत. आणि त्याच सुमारास आबांचं खाकरणंही थांबलं. तीनदाचं दोनदा, दोनदाचं एकदा, आणि मग रात्र रात्र काही नाही. कितीतरी महिन्यांनी मी सलग झोपले. सकाळी उठले की अंग हलकं वाटायचं. शेजारणीला मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "बघा, दोघंही वळणावर आले." ते बोलणं मला आजही टोचतं. 

आबा का उठत नाहीत, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला होता. वारं गेलेलं माणूस हळूहळू सुधारतं, तब्येत सुधारली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पिल्लामार्फत विचारता आलं असतं. पण विचारलं आणि खाकरणं पुन्हा सुरू झालं तर? मला झोप मिळत होती, म्हणून मी विचारलं नाही. यापेक्षा दुसरं कारण माझ्याजवळ नाही.

बाकी खुणा तर डोळ्यांसमोर होत्या. त्यांच्या उशाशी मी रोज रात्री तांब्या भरून ठेवायची, तो सकाळी काठोकाठ तसाच असायचा. मी ते पाणी तुळशीला घालायची. संध्याकाळचं ताक त्यांनी सोडलं. "आंबट लागस," असं पिल्लाला सांगितलं. पुढे दुपारी चारनंतरच पाण्याला हात लावेनासे झाले. चैत्र संपून वैशाख लागला, भिंती रात्रीसुद्धा हाताला चटका देऊ लागल्या. पत्र्याच्या बादलीतलं पाणी अंघोळीला तापवायची गरज नव्हती. आबांचे ओठ फुटले, डोळे आत गेले. अंगणातून येताना ते ओटीपोटावर डावा हात दाबून यायचे. उन्हाळी लागलेली मला कळत होती, पण तसल्या दुखण्याबद्दल सासऱ्याला कसं विचारायचं? ह्यांना सांगितलं. ह्यांनी ड्युटीवरून येऊन विचारलं, तर आबा म्हणाले, "उन्हाना तरास शे. व्हई जाई बरं." ह्यांनी सब्जा आणून दिला. तो मी सकाळी भिजवून द्यायची आणि आबा सकाळी तो प्यायचे. सकाळी दिलेलं सगळं ते प्यायचे.

एके दिवशी दुपारी ते अंगणात भिंतीला धरून बसले ते उठेचनात. हे लाईनवर होते. मी शेजारणीच्या नवऱ्याला हाक मारली, टांगा आणला आणि आबांना दवाखान्यात नेलं. तोवर त्यांच्या चेहऱ्यावर सूज आली होती आणि लघवी दोन दिवसांपासून बंद होती, हे डॉक्टरांनी विचारून घेतलं तेव्हा मला कळलं. डॉक्टर वयस्कर, शांत माणूस होते. त्यांनी मला विचारलं, "आजोबा पाणी किती पितात?"

"भरपूर," मी पदराआडून म्हणाले. "माठ भरलेला असतो. उशाशी तांब्या असतो."

आबा खाटेवर पडून होते. डॉक्टरांचा गैरसमज होऊ नये म्हणून त्यांनी आपण होऊन खुलासा केला. "दिनमा पेस मी. दिन मावळना का आमना घरमा पानी बंद शे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, दवाखान्याची फरशी दुभंगावी. आबांच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. आमच्या घरी अशी पद्धत आहे, एवढंच ते सांगत होते, आणि जरा अभिमानानेच, की आम्ही शिस्तीने राहतो. डॉक्टर मला दोष देत काही बोलले नाहीत. मूत्रपिंडं मुळात वयाने थकलेली असावीत, त्यात हे ऊन, आणि पाणी नाही, असं ते म्हणाले. आता पाणीसुद्धा जपून, चमच्याने द्यायचं, कारण ते बाहेर पडायची वाट राहिलेली नाही. वाचण्याची आशा किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दोन रात्री मी त्यांच्या उशाशी बसून काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी हे धावतपळत आले. बापाचा हात धरून बसले, मग रजेचा अर्ज द्यायला ऑफिसात गेले. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. पिल्लू घरी होतं. मी चमच्याने पाणी पाजत होते, आणि आबांनी तोंड मिटून घेतलं. खिडकीबाहेर ढग आल्याने खोलीत अंधारून आलं होतं. दिवस मावळला असं त्यांना वाटलं असावं.

तेव्हा मी पदर मागे सारला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि सरळ त्यांच्याशी बोलले. "आबा, ते मी कुत्र्याला म्हणत होते. पाणी बंद, ते त्याला. तुम्हाला नाही."

त्यांना कळायला वेळ लागला. मग हळूच म्हणाले, "मंग 'भाकर गरम शे, खाई ल्या', ते कोनले व्हतं?"

"ते तुम्हाला, आबा."

त्यांनी तोंड उघडलं. मी एक चमचा पाणी घातलं. ते गिळून त्यांनी पुढचं विचारलं. "'ऊन शे, कानले फडकं बांधा.' ते?"

"तुम्हाला."

"'दारमा बसू नको, येनारा-जानारासले आडचन व्हस.' ते?"

"कुत्र्याला, आबा. ते कुत्र्याला."

संध्याकाळी पुढच्या दारात बसून गाड्यांचे धूर बघायची आबांना सवय होती, आणि चैत्रात कधीतरी ते मागच्या अंगणात, संडासाच्या बाजूला बसू लागले होते. मला वाटलं होतं, तिकडे वारा लागत असेल. मी खाटेच्या कडेला डोकं टेकवून रडायला लागले. आबांनी मला रडू दिलं, पण त्यांचं विचारणं थांबलं नाही. अडीच महिन्यांत मी त्या पिल्लाकडे बघून जे जे बोलले ते सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं. पेरणीच्या आधी भुईमुगाचे दाणे निवडतात तसं ते एकेक वाक्य काढत होते आणि मी सांगत होते, हे तुमचं, हे त्याचं. "आंघोळनं पानी काढेल शे" त्यांचं. "चपलासले तोंड लावू नको" कुत्र्याचं. "आज जेवन नीट जायनं नही वाटतं" त्यांचं, शंभर वेळा त्यांचं. "कितला केस पाडस घरभर" कुत्र्याचं. त्यावर ते चक्क हसले. फुटलेल्या ओठांतून रक्ताचा थेंब आला, तो मी पदराने टिपला. सुनेने सासऱ्याचं तोंड पुसायचं नसतं, पण पुसलं.

प्रत्येक उत्तरावर ते एक चमचा घ्यायचे. त्यांचं वाक्य निघालं की चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मलाही वेड्यासारखी आशा वाटायला लागली की हे असंच चालू राहिलं तर सगळं परत घेता येईल. 

मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. तेवढ्यात डोळे न उघडता म्हणाले, "'घरमा दोनच जन व्हतूत तवय बरं व्हतं.' ते कोनले?"

ते मी पाडव्याच्या आसपास बोलले होते. दुपारी जेवताना आबांच्या डाव्या हातातून वरणाची वाटी निसटली आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सगळं वरण सांडलं. त्या दिवशी सकाळपासून ओकाऱ्यांनी मला जीव नकोसा झाला होता. मी फडकं घेऊन खाली बसले, पेटीकडे तोंड केलं आणि ते वाक्य म्हटलं. ते आबांना ऐकू जावं म्हणूनच म्हटलं. ते त्यांचंच होतं. एवढ्या सगळ्या वाक्यांत हे एकच मी ठरवून, टोचावं म्हणून त्यांच्याकडे फेकलं होतं.

"कुत्र्याला, आबा," मी म्हणाले.

आबांनी डोळे उघडले. रागावलेले दिसले नाहीत. मला समजावल्यासारखं म्हणाले, "तवय तो झोपेल व्हता."

चमचा माझ्या हातातच राहिला. तेवढ्यात हे रजेचा कागद घेऊन दारात आले आणि माहेरचं कोणीतरी सोडवायला आल्यासारखी मी उठून उभी राहिले, पदर पुन्हा पुढे ओढला. आबांनी लेकाकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच बघत म्हणाले, "जाय, घर जाय. जरासी झोपी ले. तू दोन जीवनी शे."

मी गेले. तिथे थांबायला हवं होतं, खरं सांगायला हवं होतं, पण मी गेले. घरी पोचले, दार लोटलं, फरशीवर आडवी झाले आणि मला लगेच गाढ झोप लागली. संध्याकाळी शेजारणीने हलवून उठवलं, तेव्हा आबांना जाऊन दोन तास झाले होते.